हिरडीतून रक्त येतं म्हणजे प्रतिकारशक्ती कमी झाली का?

कोथरूडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. वय 42, हिंजवडीत नोकरी. वर्षभरापासून ब्रश करताना बेसिनमध्ये रक्त दिसतं, तोंडाला वास येतो. अँटिबायोटिकचे कोर्स घेऊन झाले. तेवढ्यापुरतं बरं वाटलं, महिन्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आता एक्स-रे काढला तर खालच्या पुढच्या दातांजवळ आणि दाढांजवळ हाड झिजल्याचं कळलं. रक्तातली साखर 'बॉर्डरवर' आहे. त्यांना विचारायचंय ते असं: जंतू हाड खातात का? इम्युनिटी कमी पडली म्हणून हे झालं का, आणि ती वाढवायला गुळवेल, आवळा, व्हिटॅमिन सी सुरू करू का? आणि गोळ्यांनी हे कायमचं का जात नाही?

मी हिरड्यांचाच डॉक्टर. यातला मधला प्रश्न करोनानंतर माझ्या दवाखान्यात जवळजवळ रोज विचारला जातो, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

उत्तर आधीच सांगून टाकतो. जंतू हाड खात नाहीत. हाड विरघळवतात त्या तुमच्याच शरीरातल्या पेशी. तुमची प्रतिकारशक्ती महिनोन्‌महिने जागी आहे, चिडलेली आहे, आणि जिच्यावर चिडली आहे ती जमात मात्र तिच्या हाती लागत नाही. ही परिस्थिती जंतूंनी घडवून आणलेली असते, आणि ती त्यांच्या सोयीची असते.

शरीरावर सगळीकडे त्वचा किंवा आतलं अस्तर सलग असतं. दाताजवळ मात्र एक कठीण वस्तू अस्तर भेदून बाहेर आलेली आहे. तिथे हिरडी दाताला धरून असते ती पेशींच्या एका पातळ, सैलसर थरानं. या थरातून रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी सतत बाहेर झिरपत असतात. मिनिटाला साधारण 30,000, असा आकडा आमच्या पुस्तकांत देतात, आणि तो ठणठणीत हिरडीचा. म्हणजे तुमच्या तोंडात प्रतिकारशक्ती कामावर नाही असा एक क्षण जात नाही. ती कमी पडली की आजार आणि वाढवली की बरं, एवढा सरळ हिशोब असता तर आमचं काम फार सोपं झालं असतं.

जंतूंचा यात वाटा आहे हे नक्की. 1965 मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लोए यांनी दातांच्या कॉलेजातल्या निरोगी तरुणांना ब्रश करणं थांबवायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. ब्रश परत सुरू केल्यावर आठवड्याभरात सूज उतरली. हिरडीवरचा जंतूंचा थर म्हणजे सूज, थर काढला की सूज गेली. इथपर्यंत गणित स्वच्छ आहे.

याच लोए यांनी पुढे श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांतल्या 480 मजुरांच्या हिरड्या पंधरा वर्षं तपासल्या. या लोकांना ब्रश माहीत नव्हता, दातांचा डॉक्टरही नव्हता. सगळ्यांच्या दातांवर जंतूंचा थर आणि कीटण भरपूर. तरी 1986 मध्ये निष्कर्ष आला तो असा: साधारण 8 टक्के लोकांचं हाड झपाट्यानं गेलं, 81 टक्क्यांचं हळूहळू, आणि 11 टक्के लोकांची सूज हिरडीपाशीच थांबली, हाडापर्यंत गेलीच नाही. घाण सगळ्यांची सारखी, निकाल वेगवेगळे. हा फरक माणसाच्या प्रतिसादात आहे. 'आमच्या आजोबांनी जन्मात ब्रश केला नाही, शेवटपर्यंत ऊस सोलून खायचे' असं सांगणारे लोक खोटं बोलत नसतात. त्यांचे आजोबा त्या 11 टक्क्यांतले होते. नातू कुठल्या गटात आहे ते तपासल्याशिवाय कळत नाही.

आता जंतूंकडे वळू. माझ्या खुर्चीजवळ सूक्ष्मदर्शक आहे, स्क्रीनला जोडलेला. हिरडी दातापासून सुटून सहा मिलिमीटर खोल कप्पा झालेला असेल, तर त्याच्या तळातून हत्याराच्या टोकावर जेमतेम दिसेल इतका करडा-पांढरा गाळ मी काढतो, काचेवर सलाइनच्या थेंबात पसरतो, वर पातळ काच ठेवतो. निरोगी जागेचा गाळ घेतला तर गोल गोल ठिपके दिसतात, बहुतेक जागच्या जागी. खोल कप्प्यातल्या गाळात मात्र नुसती वळवळ असते. स्प्रिंगसारखे स्पायरोकीट गिरक्या घेत असतात, काठ्यांसारखे जंतू सुळकन इकडून तिकडे जातात. आणि या सगळ्यांमध्ये मोठाल्या, दाणेदार, गोल पेशी डझनांनी पडलेल्या असतात. त्या तुमच्या न्यूट्रोफिल. पेशंट स्क्रीनकडे बघतात आणि शंभरातले नव्वद जण एकच विचारतात: "डॉक्टर, एवढ्या पांढऱ्या पेशी आहेत, मग हे मरत का नाहीत?"

बरोबर प्रश्न आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हिरड्यांवरचं सगळ्यात रंजक संशोधन याच प्रश्नावर झालं.

1998 मध्ये अमेरिकेतल्या सॉक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी कप्प्यातल्या जंतूंची गटवारी केली. खोल आणि रक्त येणाऱ्या कप्प्यांत तीन जंतू बहुतेक वेळा एकत्र सापडतात: पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस, टॅनेरेला फोरसिथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला. या त्रिकुटाला 'रेड कॉम्प्लेक्स' म्हणतात. सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो जिंजिव्हालिसचा, आणि त्याचं वागणं पाहिलं की कौतुकच वाटतं.

त्याच्याकडे जिंजिपेन नावाची प्रथिनं कापणारी एन्झाइम्स आहेत. आपल्या रक्तात कॉम्प्लिमेंट नावाची संरक्षक प्रथिनांची साखळी असते. जंतू दिसला की ही साखळी एकामागून एक तुटत जाते. तिचा एक तुकडा पांढऱ्या पेशींना हाक मारतो, दुसरा जंतूच्या भिंतीला भोक पाडणाऱ्या यंत्रणेचा पाया घालतो. जिंजिपेन या साखळीतलं सी-5 नावाचं प्रथिन स्वतःच कापतं. हाक मारणारा तुकडा, म्हणजे सी-5-ए, मोकळा होतो, आणि भोक पाडणारी यंत्रणा उभीच राहत नाही. म्हणजे हा जंतू पांढऱ्या पेशींना स्वतःहून बोलावणं धाडतो.

बोलावतो आणि मग काय करतो? न्यूट्रोफिलची मुख्य कामं दोन: आरडाओरडा करून आणखी पेशी गोळा करणं, आणि जंतूला गिळून मारणं. न्यूट्रोफिलच्या पृष्ठभागावर सी-5-ए ओळखणारा एक रिसेप्टर असतो आणि जंतू ओळखणारा टीएलआर-2 नावाचा दुसरा. जिंजिव्हालिस हे दोन्ही एकाच वेळी, बटणं दाबावीत तसे, चालू करतो. त्यामुळे पेशीच्या आत मारण्याकडे नेणारा संदेश तुटतो, गिळण्याची क्रिया थंडावते, आणि दाह वाढवणारा संदेश चालूच राहतो. आरडाओरडा सुरू, गिळणं बंद. याचा फायदा त्या एका जंतूलाच नाही, कप्प्यातल्या सगळ्याच बिऱ्हाडांना होतो.

दाह त्याला हवाच असतो, कारण त्याचं पोट त्यावर चालतं. दात किडवणारे जंतू साखरेवर जगतात; याला साखर नकोच. याला लागतात प्रथिनांचे तुकडे आणि रक्तातल्या हीमचं, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या लाल भागाचं, लोह. सुजलेल्या हिरडीतून झिरपणारा द्रव आणि रक्त म्हणजे दोन्हींची सोय. प्रयोगशाळेत रक्त घातलेल्या आगरवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, याच्या वसाहती काळ्याभोर होतात, ते गोळा केलेल्या हीममुळेच. बेसिनमधलं रक्त तुम्हाला आजाराचं लक्षण वाटतं, खाली कप्प्यात ते जेवण आहे.

सुरुवातीच्या काळात मात्र तो उलट वागतो. हिरडीच्या वरच्या पेशी इंटरल्यूकिन-8 नावाचं रसायन सोडून न्यूट्रोफिलना वाट दाखवतात. जिंजिव्हालिस ते रसायन काही काळ बंद पाडू शकतो. पहारा ढिला पडतो, आजूबाजूचे जंतू वाढतात, आणि त्यानंतर दंगा सुरू होतो.

हे सगळं तो किती संख्येनं करतो? 2011 मध्ये जॉर्ज हाजिशेंगालिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेला प्रयोग आम्हा सगळ्यांनाच विचार करायला लावणारा होता. उंदरांच्या तोंडातल्या एकूण जंतूंत जिंजिव्हालिसचं प्रमाण 0.01 टक्क्याहूनही कमी होतं, तरी बाकीच्या जंतूंची संख्या वाढली, त्यांचं मिश्रण बदललं आणि हाड झिजलं. जंतूमुक्त वाढवलेल्या उंदरांच्या तोंडात हा एकटा सोडला, तर हाडाला काहीही झालं नाही. आणि ज्या उंदरांत कॉम्प्लिमेंटचे रिसेप्टरच नव्हते, त्यांचंही हाड शाबूत राहिलं. म्हणजे हा स्वतः नासधूस करत नाही. यजमानाची यंत्रणा बिघडवतो, नेहमीचे साधे जंतू उधळतात, आणि त्यांच्यावर चिडलेली प्रतिकारशक्ती पुढचं नुकसान करते. म्हणूनच 'अमुक जंतू सापडला म्हणजे अमुक आजार' अशी महागडी जंतू-तपासणी मी सहसा करायला सांगत नाही. निरोगी तोंडातही हा जंतू सापडतो.

ॲग्रिगेटिबॅक्टर ॲक्टिनोमायसेटेमकॉमिटान्स, आमच्या बोलण्यात नुसतं 'एए', याची पद्धत जास्त रांगडी आहे. तो ल्यूकोटॉक्सिन सोडून पांढऱ्या पेशी सरळ फोडतो. कोवळ्या वयात पहिल्या दाढांचं आणि पुढच्या दातांचं हाड झपाट्यानं जातं, तेव्हा त्याची आठवण होते.

तर मारता न येणाऱ्या शत्रूपुढे न्यूट्रोफिल आपली एन्झाइम्स बाहेरच ओततात. सोसायटीत डासांसाठी धुराचं यंत्र फिरतं तेव्हा काय होतं आठवा: डास गटारात निवांत, खोकतात ते घरातले. जंतू स्वतःच्या चिकट थरात बसलेले असतात आणि हिरडीला दाताशी बांधणारे कोलॅजनचे धागे तुटत राहतात. त्यात एमएमपी-8 हे एन्झाइम आघाडीवर असतं आणि ते मुख्यतः न्यूट्रोफिलमधलंच असतं. मग टी आणि बी नावाच्या आणखी पांढऱ्या पेशी येतात, इंटरल्यूकिन-1, टीएनएफ, इंटरल्यूकिन-17 अशी रसायनं वाढतात, आणि त्यांच्या प्रभावाखाली रँक-एल नावाचं प्रथिन जास्त तयार होतं. हाड विरघळवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना हुकूम मिळतो तो या रँक-एलचा. हाड दाहापासून मागे सरतं.

शरीराच्या बाजूनं पाहिलं तर यात एक क्रूर शहाणपणही असावं. 2018 मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांत दाखवलं की इंटरल्यूकिन-17 सोडणाऱ्या टी पेशी जंतूंविरुद्ध संरक्षण देतात आणि त्याच हाडही झिजवतात. दात पडला की जंतूंचा अड्डाच जातो. दात वाचवायची गरज तुम्हाला आणि मला आहे, टी पेशींना नाही.

'इम्युनिटी कमी' या समजुतीला सगळ्यात मोठा धक्का दिला तो एका दुर्मिळ जन्मजात आजारानं. ल्यूकोसाइट ॲडहेजन डेफिशियन्सी या आजारात न्यूट्रोफिल रक्तातून बाहेरच पडू शकत नाहीत. या मुलांच्या हिरड्या भयंकर खराब होतात, दात लवकर पडतात. सगळे म्हणायचे, साहजिक आहे, जंतूंना अडवायला कुणी नाही. 2014 मध्ये निकी मुत्सोपुलोस यांच्या गटानं या हिरड्या तपासल्या तेव्हा तिथे इंटरल्यूकिन-17 चा पूर आलेला दिसला. न्यूट्रोफिल पोचल्यावर जी 'आता पुरे' अशी सूचना मागे जाते, ती इथे जातच नव्हती. 2017 मध्ये अशा एका रुग्णाला प्रतिकारशक्तीचा तो मार्ग दाबणारं उस्टेकिनुमॅब दिलं, आणि हिरड्यांची सूज उतरली. प्रतिकारशक्ती खरोखरच अधू असलेल्या माणसात हिरडी सुधारली ती प्रतिकारशक्तीचा एक भाग शांत केल्यावर! (हे औषध हिरड्यांसाठी मागायला कुणी जाऊ नका. ते त्या आजाराचं, त्या माणसाचं उदाहरण आहे.)

याच तर्कानं एक जुनं औषध आहे. डॉक्सिसायक्लिन 20 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. इतक्या कमी मात्रेत ते जंतू मारतच नाही, फक्त कोलॅजन तोडणारी एन्झाइम्स दाबतं. अमेरिकेत हिरड्यांच्या आजारासाठी त्याला 1998 मध्ये मान्यता मिळाली. फायदा बेताचा आहे, आणि तोही नीट साफसफाईच्या जोडीनंच. मी ते मोजक्या रुग्णांना देतो. कॉम्प्लिमेंटची साखळी अडवणारी औषधंही अभ्यासात आहेत.

आता तुमच्या अँटिबायोटिककडे. गोळीतलं औषध रक्तातून कप्प्यात पोचतं, तिथे सुट्या जंतूंना मारतं, दाह थोडा उतरतो, रक्त थांबतं. दाताच्या मुळाला चिकटलेल्या थरात मात्र ते पुरेसं शिरत नाही. त्या थरातले जंतू मारायला सुट्या जंतूंच्या शेकडो पट मात्रा लागू शकते. कीटण जागच्या जागी असतं, कप्पा तेवढाच खोल असतो, ऑक्सिजन नसतो. कोर्स संपला की बिऱ्हाड पुन्हा थाटलं जातं. मुळं साफ न करता नुसत्या गोळ्या देणं मला पटत नाही, मग ते कुणीही दिलेलं असो. क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशचंही तसंच: तो कप्प्याच्या तळाशी पोचत नाही आणि जास्त दिवस वापरला तर दात तपकिरी करतो.

साखरेचा मुद्दा मात्र तुम्ही शेवटी सहज लिहिलात, तो माझ्या दृष्टीनं पहिला आहे. साखर वाढलेली असताना न्यूट्रोफिलचं काम बिघडतं, साखर चिकटलेली प्रथिनं दाह भडकवतात, जखम हळू भरते. उलट दिशेनं, हिरड्यांचा दाह इन्शुलिनच्या कामात अडथळा आणतो. मधुमेही रुग्णांच्या हिरड्यांवर नीट उपचार केले तर तीन-चार महिन्यांत एचबीए1सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) साधारण 0.4 टक्क्यांनी उतरतं, असं अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावर दिसतं. काही चाचण्यांत ते दिसलं नाही, हेही खरं. 'मी तर बारीक आहे, मला कशाला शुगर' असं म्हणू नका. दिसायला सडपातळ पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त, असा भारतीय देह जगाच्या नजरेला आणला तो आपल्या पुण्यातल्याच केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. एचबीए1सी करून घ्या, 'बॉर्डर' म्हणजे नक्की किती ते कळू द्या.

तंबाखूचं तुम्ही काही लिहिलेलं नाही, पण घरातल्या मोठ्यांसाठी सांगतो. निकोटिननं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त येणं कमी होतं. मुळशी-भोरकडच्या आज्या मला हमखास सांगतात, "मिशरी लावल्यापासून हिरड्या घट्ट झाल्या, रक्त थांबलं." रक्त थांबतं हे खरं, आणि आत हाड जात राहतं हेही खरं. सिगारेट ओढणाऱ्यांचं तेच. त्यांना धोक्याची सूचनाच मिळत नाही.

गुळवेल आणि बाकीचं: आवळा खा, पेरू खा, कोण नको म्हणतंय. व्हिटॅमिन सी खरंच कमी असेल तर हिरड्यांतून रक्त येतं, पण बरं खाणाऱ्या माणसात ते कारण क्वचितच असतं आणि त्यानं गेलेलं हाड परत येत नाही. गुळवेलीबद्दल मी सावध आहे. 2021 मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताचा दाह झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं ती मान्य केली नाही. वाद बाजूला ठेवला तरी मूळ मुद्दा उरतोच: तुमच्या हिरडीत प्रतिकारशक्तीचा तुटवडा नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. अचानक सगळ्याच हिरड्यांतून खूप रक्त, बरोबर ताप, थकवा, अंगावर जांभळे डाग, असं असेल तर दंतवैद्याकडे नंतर, आधी फिजिशियनकडे. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यूत प्लेटलेट्स उतरून असं होतं, आणि क्वचित रक्ताच्या कर्करोगाचं पहिलं लक्षण हिरडीत दिसतं. साधा सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची तपासणी, करावा.

हृदय, सांधे, मेंदू यांच्याशी संबंध आहे का, हेही अनेक जण विचारतात. जिंजिव्हालिसकडे प्रथिनांत बदल करणारं एक असं एन्झाइम आहे, ज्याचा संबंध संधिवाताशी जोडला जातो. 2022 मध्ये उंदरांत दिसलं की हिरड्यांच्या दाहाची 'शिकवण' अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींपर्यंत पोचते आणि तिथून निघणाऱ्या पांढऱ्या पेशी सांध्यातही जास्त भडकतात. हे मला महत्त्वाचं वाटतं. पण हिरड्या साफ केल्या म्हणून हार्ट अटॅक टळतो, हे सिद्ध झालेलं नाही. अल्झायमरसाठी जिंजिपेन अडवणारं औषध 2021 मध्ये मुख्य चाचणीत अपयशी ठरलं. तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मेसेजांना पाच टक्के मार्क द्या.

तुमच्यासाठी पुढचं काम असं. हिरड्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी कप्प्याची खोली मोजून घ्या आणि आकड्यांचा तो कागद मागून घ्या. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. चार किंवा जास्त आणि रक्त येत असेल तर तिथे काम आहे. मग हिरडीखालची मुळं भूल देऊन साफ करतात, साधारण दोन ते चार बैठकांत. त्यानंतर दातांच्या फटी मोठ्या वाटतील, थंड पाणी झोंबेल, आणि 'साफ केल्यानं दात हलायला लागले' असं घरचे म्हणतील. फट आधीचीच असते, ती कीटणानं आणि सुजेनं भरलेली होती. आठ ते बारा आठवड्यांनी पुन्हा तोच कागद, तेच आकडे. जिथे कप्पा अजून खोल आणि रक्ताळलेला असेल, तिथे हिरडी उघडून साफ करायची गरज लागू शकते. पुढे दर तीन-चार महिन्यांनी तपासणी, कारण न्यूट्रोफिलना फसवणारे परत वस्तीला येतातच. थर कोवळा असतानाच काढला तर त्यांना जम बसवता येत नाही.

रक्त येतंय म्हणून त्या जागी ब्रश टाळू नका, तिथेच जास्त लक्ष द्या. गोळ्या-पावडरींचे पैसे वाचतील त्यांतून दातांच्या फटींत घालायचे छोटे ब्रश घ्या. कुठल्या फटीत कुठल्या मापाचा, ते मात्र डॉक्टरांकडून आरशात बघून शिकून घ्या. खालच्या पुढच्या दातांत जो बसतो तो दाढांच्या फटीत ढिला पडतो आणि काही काढत नाही.